म्हातारीच्या खळग्यातला चिखल

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि दर्शना तिसऱ्यांदा तेच विचारत होती.

“...पण आबा, त्यात नोकरी लागते का?”

हरबा तांडेल जाळ्याला गाठ मारत होते. उंडीच्या झाडाखाली होडी पालथी घातलेली, तिला पाठ टेकलेली, मांडीवर फाटकं जाळं. डोळे जाऊन दहा वर्षं झाली, पण बोटांना फाटलेली जागा बरोबर सापडते.

“तुझा आवाज वरून येतोय,” ते म्हणाले. “म्हणजे उभी आहेस. बस.”

“बसायला वेळ नाही मला.”

“आणि भांडायला?”

दर्शना बसली. खोचलेला पदर सोडला. हातातला मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

आज सगळा जीव त्या मोबाइलात अडकला होता. तिची मुलगी धनश्री पहिल्या एसटीनं तालुक्याला गेली होती, कॉलेजचा फॉर्म भरायला. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा. भरून झाला की आईच्या मोबाइलवर सहा आकडी नंबर येतो. आईनं तो सांगितला तरच फॉर्म पुढे जातो, नाहीतर तिथंच पडून राहतो. आणि शेवटची तारीख आजचीच.

विषय होता समुद्रातल्या जीवांचा. सागरी जीवशास्त्र. दर्शनाला अजून ते नाव एका दमात म्हणता येत नव्हतं.

“मी चौकशी केली, आबा. अशीतशी नाही, चार ठिकाणी केली. आधी तीन वर्षं, मग वर दोन वर्षं. एवढं करून कुणी न्यायला येत नाही. सरकारी जागा निघतात त्या मोजून चार, आणि परीक्षेला बसतात चारशे. कोळंबीच्या तलावावर ठेवतात म्हणे, पण ते वर्षाच्या करारावर. माझ्या मामेबहिणीच्या दिरानं हेच शिक्षण घेतलं. आज तो मोबाइलचं दुकान चालवतो.”

“चांगलं चालतं?”

“काय?”

“दुकान.”

“आबा, थट्टा नको हो.”

“थट्टा नाही गो. विचारलं आपलं.”

दर्शनानं एक श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. “नर्सिंगची जागा आहे जिल्ह्याला. भावजयीनं बोलून ठेवलंय. तीन वर्षं झाली की हातात काम. पांढरे स्वच्छ कपडे, पंख्याखाली बसायचं...”

“नर्स बसते कधी?”

“उभी राहील. पण पंख्याखाली राहील.”

“मग पाठव की.”

“ऐकते का ती माझं? ती एकाच माणसाचं ऐकते, म्हणून तर आले. तुम्ही तिला नको म्हणा. तुम्ही म्हटलंत की संपलं. वर तोंड करून एक शब्द बोलायची नाही ती.”

हे खरं होतं. धनू नऊ वर्षांची होती तेव्हापासून आबांची शागीर्द. वाडीतल्या बाकीच्या पोरी रविवारी टीव्हीसमोर, आणि ही या होडीपाशी.

आबांची विद्याही तशीच वेगळी. पूर्वी होडीवर वाट दाखवणारं यंत्र नव्हतं. दोरीला शिसं बांधायचं, शिशाच्या बुडाला खड्डा, त्या खड्ड्यात मेण भरायचं आणि दोरी पाण्यात सोडायची. मेणाला तळाचा चिखल चिकटून वर येतो. हरबा तांडेल तो अंगठ्यावर घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे, जिभेच्या टोकाला लावायचे, आणि काळोख असो की धुकं, होडी कुठं आहे ते सांगायचे. चाळीस वर्षांत त्यांची होडी वाट चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

आता प्रत्येक होडीवर यंत्र आहे. तरी चार-पाच जुने लोक अजून निघायच्या आधी इथं येतात. “आबा, तळ कसा असेल आज?” म्हणून विचारतात. आबा सांगतील ती दिशा.

डोळे गेल्यावर ही विद्या शिकायला कुणी आलं नाही. आली ती धनू. ती काकाच्या होडीवर दोरी आणि शिसं देऊन ठेवायची, काका चिखल आणायचा, आणि रविवारी ती तो आबांच्या अंगठ्यावर ठेवायची. आबांनी ओळखायचा, मग तिनं ओळखायचा. असा त्या दोघांचा वर्ग.

“आणि हे वेड तिला लावलं कुणी?” दर्शना म्हणाली.

“मी.”

तिला वाटलं होतं आबा नाकारतील. चार शब्द तयार ठेवले होते तिनं. ते सगळे तसेच राहिले.

“दर्शना.”

“काय?”

“नोकरीचं बोलून झालं. आता खरं काय ते बोल.”

 मग साडीच्या काठाचा दोरा ओढत बोलू लागली.

“लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या महिन्यात सासूनं डोक्यावर टोपली दिली, आबा. अठरा वर्षं वरच्या गावांत मासे विकतेय. एसटीत मागच्या सीटवर बसते, आणि पुढच्या बायका खिडक्या उघडतात. मला काही वाटत नाही आता. पण ही शाळेत जायला लागली तशी मी घरात दोन दोऱ्या बांधल्या. एक माझ्या कपड्यांची, एक तिच्या. तिचा युनिफॉर्म मी कधी माझ्या साडीशेजारी वाळत घातला नाही. तिच्या डब्याला हात लावायच्या आधी लिंबू चोळायची. पहिलीपासून बारावीपर्यंत... तिला या वासातून बाहेर काढायचं, एवढंच मनात होतं.”

दोरा तुटला.

“आणि ती म्हणते, आई, मी माशांचंच शिकणार.”

आबांनी जाळं बाजूला सारलं. हात पुढे केला. आधी हवेत चाचपडला, मग तिच्या डोक्यावर टेकला. तो तिथंच राहू दिला.

तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल वाजला. एकदाच, टिंग करून.

दर्शनानं उलटा करून पाहिलं. सहा आकडे. खाली लिहिलेलं, दहा मिनिटांत वापरा.

तिनं मोबाइल पुन्हा पालथा घातला.

“कोण?” आबांनी विचारलं.

“कंपनीचा मेसेज. ते पाठवतात काहीतरी.”

मिनिटभरात फोनच आला. धनूचा आवाज एवढा मोठा, की बाहेर ऐकू येत होता.

“आई, नंबर आला?”

“नाही गो. आला नाही अजून.”

“रेंज आहे ना?”

“आहे. तिकडचं यंत्र बंद असेल.”

“बरं. मी थांबते. आला की लगेच फोन कर हं.”

फोन ठेवला. समोरच्या वाळूवर कुणाची तरी कोंबडी चोच मारत हिंडत होती. दर्शना तिच्याकडे बघत बसली.

“मलाही खोटं आणि तिलाही खोटं,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता.

दर्शनाचा चेहरा उतरला. “आई झाल्यावर कळतं, आबा. जीव घाबरतो म्हणून बोलतं माणूस खोटं.”

“ते तुझ्या पोरीलाही येतं. दोन वर्षं झाली, ती मला खोटं सांगते.”

“माझी धनू?”

“छान सांगते. तुझ्यापेक्षा चांगलं.”

“ती तुम्हाला खोटं सांगायची नाही. मला सांगेल, बापाला सांगेल. तुम्हाला नाही.”

“आत जा,” आबा म्हणाले. “चुलीच्या वरच्या फळीवर एक चहाचा जुना डबा आहे, आणि शेजारी प्लास्टिकची बरणी. दोन्ही आण. आणि येताना वाटीत पाणी.”

ती उठली. वेळ नव्हता, तरी उठली. मोबाइल उचलून बरोबर नेला.

परत आली तेव्हा आबा तसेच बसले होते.

“डबा उघड.”

आत मातीचं वाळलेलं ढेकूळ होतं, अंड्याएवढं.

“दोन थेंब पाणी टाक. थांब. आता हुंग.”

दर्शनानं डबा नाकाशी नेला. “कोरं मडकं पहिल्यांदा भरल्यावर येतो तसा आहे. थोडा गोडूस.”

“हा म्हातारीच्या खळग्यातला. डोळे जायच्या आधी मी शेवटचा गेलो होतो, तेव्हा आणून ठेवला.”

म्हातारीचा खळगा वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. बंदरापासून दीड तासावर, बारा वाव खोल पाण्यात. दर्शनाच्या सासऱ्यांनी तिथंच जाळी टाकली, आणि त्यांच्या वडिलांनीही.

“आता बरणी.”

झाकण फिरवलं तसं तिनं तोंड वळवलं. तुंबलेल्या मोरीचा असतो तसा वास. आत काळा, मऊ चिखल, अजून ओलसर.

तिनं झाकण लावायला घेतलं. आणि थांबली.

काठाचा चिखल हाताला लागला, तरी बरणी परत नाकाजवळ नेली. एकदा, मग पुन्हा एकदा.

“काय झालं?” आबा म्हणाले.

“आबा... हा वास मला माहीत आहे.”

आबांनी मान वर केली. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. “तुला? कसा?”

“लेप्यांना यायचा. दोन वर्षांपूर्वी, गणपती झाल्यावर.” लेपा म्हणजे चपटा मासा, तळाच्या चिखलाला चिकटून राहतो. “ताजे होते हो, आबा. कल्ले लाल, अंग घट्ट. तरी आतून हा वास. मी चिंच लावली, मीठ लावलं, दोनदा धुतले आणि विकले. दुसऱ्या दिवशी एका बाईनं कालवण पातेल्यासकट दारात आणून ठेवलं. म्हणाली, दर्शना, तुझा लेपा गटारासारखा लागतो.”

“कुणाला बोललीस?”

“कुणाला बोलणार? म्हणाले असते, हिनं शिळे विकले. लेपे घ्यायचेच बंद केले मी.”

आबांनी हात पुढे करून बरणीच्या काठावर बोट फिरवलं.

“हा चिखल कुठला?” दर्शनानं विचारलं.

“त्याच सुमाराला धनूनं माझ्या अंगठ्यावर ठेवला. मी चोळला, हुंगला. आणि छाती काढून सांगितलं, हा खाडीच्या तोंडाचा, जेटीखालचा कुजका. एवढं सोपं काय घालतेस, म्हणून तिला हसलोही.”

“मग?”

“मग ती लगेच बोलली नाही. एरवी कशी, माझं तोंड मिटायच्या आत ‘बरोबर’ म्हणून मोकळी व्हायची. त्या दिवशी एक लाट आली, परत गेली... तेवढा वेळ गप्प. आणि मग म्हणाली, ‘बरोबर, आबा.’”

“आणि बरोबर नव्हतं?”

“संध्याकाळी तिच्या काकाला विचारलं, शिसं कुठं सोडलं होतंस? तो म्हणाला, म्हातारीच्या खळग्यात.”

दर्शनानं डब्याकडे पाहिलं. बरणीकडे पाहिलं.

“एकाच जागेचे? हे दोन्ही?”

“चाळीस वर्षं मी त्या जागेवरून गेलो, दर्शना. आणि मला ती ओळखू आली नाही.”

“तुम्ही तिला काही बोलला नाहीत?”

“म्हटलं, पोर मला जपतेय तर जपू दे.” आबा थांबले. “नाही. हेही खोटंच. लाज वाटली मला.”

उंडीचं एक पान जाळ्यावर पडलं. आबांनी चाचपून ते उचललं आणि बाजूला ठेवलं.

“तेव्हापासून ती मला सोपे सोपे चिखल आणून देते. जे बदलले नाहीत तेवढेच. बालवाडीतल्या पोराला घालतात तसे प्रश्न घालते. मी ओळखतो. ती ‘बरोबर’ म्हणते. मीही खूश झाल्यासारखं करतो.”

दर्शनाला एकदम त्या दिवसांतली धनू दिसली. गणपतीनंतरच कधीतरी तिनं एक वही सुरू केली होती. रोज टोपली घरी आली की विचारायची, आई, आज काय काय मिळालं? लेपे किती? कोळंबी केवढी? तारीख घालून लिहून ठेवायची. दर्शना वैतागायची. “हिशोबनीस झालीस काय गो माझी?” म्हणून ओरडायची. मुलगी हसायची आणि लिहायची. कशासाठी लिहिते, हे आईनं कधी विचारलं नाही.

आणि आईनं मोरीच्या वासाचं कधी सांगितलं नाही.

“पण आबा, चिखल असा झाला कशानं?”

आबा गप्प.

“कारखान्यामुळं? की गाळ उपसतात त्यानं? की पाणीच गरम झालंय?”

गप्प.

“परत पहिल्यासारखा होईल का तो?”

आबांची बोटं एरवी कधी रिकामी नसतात. आता ती मांडीवर नुसती पडून होती.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

दर्शनाला वाडीत येऊन एकोणीस वर्षं होत आली. भरती कधी, वारा कुठला, कुणाची होडी कुठं असेल, सगळं तिनं या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. हे तीन शब्द कधी ऐकले नव्हते.

“मग कुणाला माहीत असेल?”

 आबांनी हात लांब करून बरणी जवळ ओढली, झाकण चाचपलं आणि घट्ट फिरवलं.

मोबाइल वाजला. टिंग. नवे सहा आकडे. पाठोपाठ धनूचा फोन.

“आई, पहिला नंबर गेला फुकट. दुसरा मागवलाय. आला का? इथं मागं लाइन लागलीय, तो माणूस ओरडतोय.”

दर्शनानं आकड्यांकडे पाहिलं.

“धनू.”

“काय?”

“एक विचारू? त्यात नोकरी लागेल ना गो तुला?”

“माहीत नाही, आई.”

लगेच म्हणाली. मध्ये एवढंसुद्धा थांबली नाही.

दर्शनानं डोळे मिटले. समोर आबा मान खाली घालून ऐकत होते.

“आई? आहेस ना?”

“आहे. लिही. चार... शून्य... सात...”

“सावकाश सांग.”

“सावकाशच सांगतेय. सात झालं ना? नऊ. परत नऊ. आणि दोन.”

तिकडून खटखट ऐकू आली. मग कुणीतरी काहीतरी बोललं. मग धनू हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

“गेला आई. फॉर्म गेला.”

“बरं. वडापाव खा काहीतरी. उपाशी येऊ नको.”

“तू आबांकडं जाणार म्हणाली होतीस. ते नको म्हणाले नाहीत?”

“घरी ये, मग बोलू.”

फोन बंद झाला. दर्शनानं तळहातानं डोळे पुसले. हात चिखलाचे आहेत हे तिच्या ध्यानात नव्हतं, गालावर काळा पट्टा उठला. तो तिलाही दिसला नाही, आबांनाही नाही.

“झालं?” आबांनी विचारलं.

“झालं. भावजयीला आता काय तोंड दाखवू कुणास ठाऊक. आणि भीती गेलेली नाही हं माझी. आहे तेवढीच आहे.”

“असू दे.”

“उद्या पोर रिकाम्या हातानं परत आली तर तुमच्या दारात आणून बसवेन.”

“बसव. मला सोबत होईल.”

ती हसली. नको असताना हसली. उठली, डब्याचं झाकण लावलं, वाटीतलं उरलेलं पाणी उंडीच्या मुळाशी ओतलं. दोन पावलं गेली आणि मागे वळली.

“आबा, संध्याकाळी ती आली की तिला सांगू का? की तुम्हाला तेव्हाच कळलं होतं म्हणून?”

हरबा तांडेलांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. बोटांनी फाटलेली जागा शोधली. जेटीकडून होड्यांची इंजिनं एकेक करून बंद झाल्याचा आवाज येत होता.

“तिला एकटीला कशाला...” ते म्हणाले. “होड्या लागल्यात बघ आता. जेटीवर जा, आणि माझ्याकडं तळ विचारायला येतात त्या सगळ्यांना सांग. म्हातारीच्या खळग्याचं हरबाला काही माहीत नाही म्हणावं.”